दोन पिनांमधली आत्या

चर्चचा नवा पाळक पहिल्या चहालाच आमच्या आत्याच्या तावडीत सापडायचा. पुंडलिकनगरातल्या तिच्या दोन खोल्यांत तो जरा टेकला की कपबशी पुढे यायची आणि तिच्यामागून बायबल. त्यात केसांच्या दोन काळ्या पिना खोचलेल्या असत. एका पिनेपाशी लिहिलेलं, विश्वास धरून बाप्तिस्मा घेईल तो तरेल. दुसरीपाशी लिहिलेलं, तारण कृपेनेच होतं, माणसाच्या करणीने नाही. "ह्यातलं खरं कोणतं? आन् दोन्ही खरं म्हणू नका, ते आधीच्यानं सांगून झालंय," आत्या म्हणायची. बिचाऱ्याचा चहा गार व्हायचा.

आत्या जन्माची ख्रिस्ती, तीही बुडवणाऱ्या मंडळीतली. बाप्तिस्मा घ्यायचा तर नदीत, डोक्यावरून पाणी गेलं पाहिजे. कपाळावर चार थेंब शिंपडणाऱ्या मंडळ्यांची तिला भारी गंमत वाटे. "कोथिंबिरीवर मारत्यात तसं पाणी मारून कुठं माणूस धुऊन निघतो व्हय?"

तिचे यजमान, आमचे मामा, गंगापूरकडच्या मेंढरं राखणाऱ्या घरातले. लग्नानंतरही ते आपल्या देवांचेच राहिले. रविवारी तिला स्कूटरवरून उपासनेला आणून सोडायचे आणि स्वतः बाहेर लिंबाखाली बसून आतली गीतं ऐकायचे. गीतं त्यांना आत्यापेक्षा जास्त पाठ होती. तिने विषय काढला की म्हणायचे, "तुझ्या देवाला मी चालतो गं, पण आंघोळ करून ये म्हणतो. बघू." हे 'बघू' त्यांच्या संसारभर चाललं.

मग मामांचं हृदय थकलं. दवाखान्यात एका सकाळी ते आपणहून म्हणाले, "माझा विश्वास बसलाय. बोलाव तुझ्या पाळकाला." पाळक आले. मामांची अवस्था पाहून त्यांनी वाटीभर पाणी मागितलं. आत्याने वाटी छातीशी धरली. "शिंपडलेलं चालत नाय. बरं वाटू द्या, कायगावला गोदावरीत नेऊ, नीट बुडवून घेऊ." मामा मला म्हणाले, "बघ, मी तयार झालो तर हिची नदी लांब." आम्ही सगळे हसलो. त्याच दुपारी मामा गेले.

तेव्हापासून आत्या त्या दोन पानांमध्ये अडकली. एक पान मामांना स्वर्गाच्या आत घ्यायचं, दुसरं बाहेर काढायचं. मला तिचा राग यायचा आणि कीवही. एका पाळकाने समजावलं, येशूशेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला कुठं पाणी मिळालं होतं? तरी त्याला सुखलोक मिळालाच ना? आत्या म्हणाली, "चोराच्या बायकूनं वाटी अडवून धरली नव्हती."

एकदा तिला बायबलातल्या पत्रांमध्ये एक ओळ सापडली. मेलेल्यांच्या वतीने बाप्तिस्मा घेणाऱ्यांची. तिसरी पिन लागली. रिक्षा करून ती तडक पाळकांच्या घरी गेली, बरोबर मी. "मला परत बुडवा, त्यांच्या नावानं." पाळकांनी ती ओळ वाचून पाहिली. मग म्हणाले, "आक्का, उल्लेख आहे, पण आपल्यात ती रीत नाही. ज्याचं त्यानंच घ्यायचं असतं."

"शेत नावावर करता येतं, मंग हे का नाय?"

पाळकांनी बायबल मिटून तिच्या हातात दिलं. येताना रिक्षात तिने तिसरी पिन काढून पुन्हा केसांत खोचली.

मागच्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. पाळक भेटायला आले. तिला धीर वाटावा म्हणून त्यांनी तिचंच बायबल उघडलं आणि दोन्ही पिनांवर बोट ठेवलं. "आक्का, तुमचा विश्वास आहे आणि तुमचा बाप्तिस्माही झालाय. तुम्हाला कसली भीती? दोन्ही वचनांनी तुमची आतली जागा पक्की आहे."

आत्या छताकडे बघत होती.

"तेच तर," ती म्हणाली. "ते तिथंबी बाहेर लिंबाखाली बसले असले, तर मी आत जाऊन काय करू?"