जिवंत कप्तानाचा मेणाचा क्रूस

माझी वहिनी सोइझिक माल्गोर्न फ्रान्सच्या पश्चिम टोकाच्या वेसाँ बेटावर एकटीनं शेत खणायची. आमच्याकडे शेती बायकाच करतात; पुरुष समुद्रावर, नाहीतर समुद्राच्या पोटात.

तिचा एकुलता एक मुलगा गुल्वेन माझ्याबरोबर राजाच्या ‘मोर्गात’ या लढाऊ फ्रिगेटवर होता. ब्रेस्टच्या गोदीत बांधलेलं देखणं जहाज! अमेरिकेच्या लढाईत त्यानं मालवाहू जहाजांचे तांडे सांभाळले, दोन इंग्रजी जहाजांना हूल दिली, साथीच्या तापातूनही ते तरलं. मग त्याच्या नशिबी केरांबेल कप्तान आला. एकदा एक खलाशी पाण्यात पडला. गुल्वेन होडी घेऊन त्याला काढायला गेला, आणि तेवढ्यात लांबवर इंग्रजी व्यापाऱ्याचं शीड दिसलं. त्या नालायक कप्तानानं होडी तशीच सोडून पाठलाग केला. लूट मिळाली, पदक मिळालं. होडी मिळाली नाही.

बुडालेल्याचं प्रेत येत नाही, म्हणून आम्ही मेणाचा छोटा क्रूस करतो, त्याच्यापाशी रात्र जागवतो आणि तोच पुरतो. वहिनीनंही क्रूस केला. पण जागरणाचं बोलावणं घेऊन मी दारोदार फिरलो, ते गुल्वेनच्या नव्हे, केरांबेलच्या नावानं.

“अगं बाई, तो तर ब्रेस्टमध्ये कोंबडी खातोय!” शेजारीण म्हणाली.

“खाऊ दे मेल्याला,” वहिनी म्हणाली. “तू ये फक्त.”

सगळं बेट आलं. पाद्रीबाबांनी मात्र क्रूस पुरायला साफ नकार दिला.

मोर्गातवर निम्मे खलाशी आमच्याच बेटाचे. ज्याचं जागरण झालं, त्याच्या हुकमानं शिडाला हात कोण लावणार? केरांबेल समोर आला की आम्ही टोप्या काढायचो आणि मेलेल्यासमोर करतात तशी छातीवर क्रूसाची खूण करायचो. त्यानं चाबूक चालवला. माझ्या पाठीवर अजून वळ आहेत, आणि मी ते मिरवतो! शीड काही उलगडलं नाही. शेवटी वरच्यांनी फ्रिगेट दुसऱ्या कप्तानाला दिली.

मग केरांबेलची स्वारी स्वतःच बेटावर आली, थेट वहिनीच्या शेतात.

“म्हातारे, तो क्रूस उकरून काढ. कुठल्याच जहाजावरचे लोक मला उभं करत नाहीत.”

“पुरलाय कुठं? दिरानं नेऊन भर समुद्रात टाकला.”

“समुद्रात? मग तो सापडायचा कसा?” त्याचा आवाज चिरकला.

वहिनीनं कुदळ टेकवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती हसली.

“होडी देते ना. जा, शोध. तुझ्यासाठी कुणी थांबणार नाही.”