आमरीचं एकच फूल

आरेच्या जंगलात, झाडांच्या दाट सावलीत, मला आणि माझ्या मित्राला जमिनीतून उगवलेली एकच आमरी, म्हणजे रानटी ऑर्किड, दिसली. तिला एकच पांढरं फूल होतं, मागे लांब नळी. जात दुर्मीळ आहे का, ते नळीच्या लांबीवरून कळणार होतं. मी ब्लेड काढलं.

"येडा झालास काय? हे कापलंस तर बी कुठून धरेल? फोटो काढ ना!"

त्याने माझा हात धरला. मी जोरात हिसडा दिला आणि ब्लेड त्याच्या तळव्यात खोल घुसलं. रक्त पानांवर सांडू लागलं.

"रुमाल दे रे!" तो ओरडला.

मी आधी फूल कापलं, नळी मोजली, मग रुमाल काढला. जात दुर्मीळच होती. त्याला ते अजून सांगायची हिंमत झालेली नाही.