गगनरावाची शपथ

हे आत्ताच्या आत्ता लिहायला पाहिजे, नाहीतर परत राहील. टायपिंग क्लासच्या बाई खाली गेल्यात, मशीन मोकळं आहे आणि माझा स्पीड बरा आहे. भीती मागून येईपर्यंत बोटं पुढे गेलेली असतील. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही. वंदीला — वंदीला तर नाहीच.

आमचा गगनराव तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी वाचलाय. शाळेत असताना आम्ही काढायचो ते कॉमिक — गोष्ट माझी, चित्रं वंदीची. सोसायटीतल्या पोरांमध्ये एकेक भाग फाटेपर्यंत फिरायचा. आम्ही गिरगावातून नुकतेच वाशीच्या नव्या बिल्डिंगीत आलो होतो. वंदी बिल्डिंगीच्या मागच्या गावातली, मूळची इथलीच. वर्गात आम्ही एका बाकावर.

गगनराव म्हणजे — त्याला काहीच अशक्य नव्हतं. तो खाडी एका घोटात प्यायचा. पूल उचलून दुसरीकडे ठेवायचा. मीच त्याला तसा केला होता आणि मीच अडकले होते. कारण जो हरूच शकत नाही, तो सकाळी उठतो कशाला? वंदीने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "याला भूक लागते काय?" मी म्हटलं, नाही. "मंग याला पायजे तरी काय?"

उत्तराऐवजी मी त्याला अजून शक्ती दिली. त्याला सगळं आधीच कळतं, असं लिहून टाकलं. हे मी आठवीत असताना.

आता ते सांगते. सांगतेच.

त्या वर्षी दिवाळीनंतर वंदीच्या शेतात भात पिकून पिवळं झालं होतं. नव्या शहरासाठी जमिनी कागदावर कधीच सरकारकडे गेल्या होत्या, पण भराव पडेपर्यंत लोक कसत होते. एका शनिवारी जेवताना बाबा आईला म्हणाले की सोमवारी सकाळी त्या बाजूला डंपर लागणार, मातीचा भराव सुरू. जमिनी ताब्यात घेणाऱ्या त्या सरकारी ऑफिसातच बाबा होते. नोटीस ऑफिसच्या फळ्यावर लावलीय म्हणे — पण गावातलं कोण तो फळा वाचायला येतंय? मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे बाहेर बोलायचं नाही."

रविवारी मी वंदीकडे गेले.

त्यांच्याकडे शेताच्या राखणदार देवाला कोंबडा दिल्याशिवाय भाताला विळा लावत नाहीत. राखण म्हणतात त्याला. आणि कोंबडा वंदीच्या मामाकडचाच लागतो. मामा मोरा बंदरावरचा, मासेमारीला गेलेला, मंगळवारी येणार होता. म्हणून सगळं थांबलेलं. विळे धार लावून ओटीवर ठेवलेले. वंदीची आई मला तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी वाढत होती — गेल्या वर्षीच्या, त्याच शेतातल्या तांदळाची. वंदीचे बाबा, पांडूकाका, मला चिडवत होते की शहरातली पोर भात झाडाला लागतो म्हणते. सगळे हसले. मीपण हसले. मग ते म्हणाले, "मंगळवारी तू पन ये गो. राखनीचं मटन... कोंबड्याचं, पन आपुन मटनच बोलतू. खाल्ल्याशिवाय भात कापायला नाय देनार तुला."

मी म्हटलं, "येते."

एवढंच. येते.

तुम्ही म्हणाल, लहान होतीस, बाबांनी बजावलं होतं, त्यांची नोकरी गेली असती. मीपण मला हेच सांगत आले. पण ते खरं नाही. मला बाबांची भीती त्या ओटीवर आठवलीसुद्धा नव्हती. मला — कसं लिहू — मला बरं वाटत होतं. त्या सगळ्या हसणाऱ्या माणसांत फक्त मला माहीत होतं. ते मंगळवार मंगळवार करत होते आणि मला सोमवार माहीत होता. मला एकदम उंच झाल्यासारखं वाटत होतं. दुसरी भाकरी मागून घेतली मी.

जमीन वाचली नसती, ते कळतं मला. पण भात वाचलं असतं. कोंबडा नाही म्हणून काकांनी राखणदाराचे पाय धरले असते, गाव जमलं असतं, अंधार पडेपर्यंत कापून झालं असतं. एका वर्षाचं खाणं होतं ते.

सोमवारी डंपर आले. उभ्या भातावर माती पडली. मी शाळेत होते, वंदी नव्हती.

ती आली गुरुवारी. रडली वगैरे नाही. दप्तरातून कागद काढले आणि म्हणाली, पुढचा भाग हाच करू. गगनराव एका हाताने डंपर उलटे करतो. मी नको म्हटलं. का नको? कारण मग पोरांनी विचारलं असतं ना — त्याला आधीच कळतं, तर तो रविवारी कुठे होता?

तेव्हा मी ती शपथ काढली. गगनरावाने शपथ घेतलीय, माणसांच्या कामात हात घालायचा नाही. सगळं बघायचं, सगळं सोसायचं, पण गप्प राहायचं. पाच मिनिटांत सुचलं. आणि काय आवडली ती सगळ्यांना. सोसायटीतली पोरं म्हणायची, यार, काय ग्रेट आहे तो. गगनराव खरा फेमस झाला तो त्या शपथेमुळे.

वंदीने कागद वाचून खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर हाय. त्याचा इलाज नाय. बिचाऱ्याला किती वाईट वाटलं असंल."

आणि तिने चित्र काढलं — गगनराव बांधावर उभा, हाताची घडी, डोळ्यांत पाणी. ते पाणी तिने घातलं. माझ्या गोष्टीत नव्हतं.

त्या वर्षी तिच्या डब्यात रेशनच्या तांदळाची भाकरी यायची. तुटलेली असायची, तुकडे तुकडे. ती अर्धी मला द्यायची. मी घ्यायचे.

वंदी आता लग्न होऊन मोऱ्याला असते. तो भाग तिने जपून ठेवलाय, असं ऐकलं.

शपथबिपथ काही नव्हती. गगनरावाच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. त्याला काय पाहिजे होतं ते मला ओटीवरच कळलं होतं, फक्त कागदावर कधी लिहिलं नाही — त्याला एकट्याला माहीत असायला पाहिजे होतं. बस. एवढाच होता तो.

बाई जिना चढतायत. तुमचं झालंय का कधी असं — समोरचं माणूस हसत हसत वाढतंय, आणि तुम्हाला सोमवार माहीत आहे?