लेप्यांची अंडी घालून होईपर्यंत

जाळी शिवणारी आक्का हट्टी आहे, हे गल्लीतले शेंबडे पोरही सांगे. तिने मारलेली गाठ समुद्रात सुटत नसे आणि तिचा शब्द जमिनीवर फिरत नसे.

त्या सकाळी तिच्या धाकट्या भावाने बोटीवरचे फाटके जाळे शेडमध्ये आणून टाकले. "आक्का, संध्याकाळच्या भरतीला निघायचंय. लेपे मासे उथळ वाळूवर आलेत. नुसते उचलायचे!"

"हवा खायला आलेत का ते? अंडी घालायला आलेत." आक्काने सुईला हात लावला नाही. "पोटं टम्म फुगलेल्या माद्या. धड पळताही येत नाही त्यांना. मोकळ्या होऊ देत, मग शिवते."

"आपण सोडले तर दुसरे धरतील."

"दुसऱ्यांची जाळीही मीच शिवते."

खरेच, भिंतीवरच्या खुंट्यांना चार बोटींची जाळी भोकांसकट लोंबत होती.

"गेल्या वर्षी तुझं ऐकलं," आक्का म्हणाली. "त्यांच्या पोटातल्या गाबोळीवर सगळ्यांनी ताव मारला. यंदा तळहाताएवढा कोवळा लेपा एकदा तरी दिसला का रे? परवापर्यंत वाळूच उपसत होतास ना?"

भावाला ते झोंबले. "राहतेस माझ्या घरात आणि अक्कल मलाच शिकवतेस?"

बोलून गेला आणि जीभ चावली. पण आक्का उठली होती. घरात जाऊन तिने आपली गादी गुंडाळली, उशी काखेत मारली, परत आली आणि जाळ्यावरच गादी पसरून मांडी ठोकून बसली.

"घे. सोडलं तुझं घर. आता ने जाळं."

भावजय दारात पदराआड हसत होती. "उचला की! दोघांनाही एकदमच उचला."

संध्याकाळी भरती आली. एकही बोट हलली नाही. मालक शेडपाशी येऊन कुरकुरले, एकाने तर शिव्याही घातल्या. आक्का भिंतीला टेकून सुपारी कातरत राहिली.

दिवेलागणीला भाऊ ताट घेऊन आला. खाली मान घालून म्हणाला, "घर तुझंही आहे, आक्का. चल."

"ते मला ठाऊक आहे. मी घरासाठी नाही बसले."

 तो ताट ठेवून गादीच्या कडेला टेकला. "किती दिवस लागतात गं त्यांना?"

"लागतील तितके," आक्का म्हणाली आणि त्याला जागा करून द्यायला जराशी सरकली. जाळ्यावरच.