टाकी भरून पंचावन्न

समजा, तुमच्या अंगणात दोन चाकांवरचं एक छोटंसं घर उभं आहे. आत एक पलंग, एक शेगडी, डाव्या कोपऱ्यात पत्र्याचा संडास आणि त्याला लागून पाण्याची टाकी. उद्या सकाळी ते जीपच्या मागे जोडून निघायचं आहे. तुमच्या हातात हवेची नळी आहे. आता सांगा, चाकांत हवा किती भराल? टायरच्या कडेवर एक आकडा असतो, पण तो टायर जास्तीत जास्त किती सोसेल त्याचा. जीपच्या दारावर चिकटवलेला आकडा जीपच्या चाकांचा. या घराचा आकडा कुठेच लिहिलेला नाही, कारण ते चिखलीच्या एका वेल्डिंगच्या दुकानात बनलं आहे आणि त्याच्यासारखं दुसरं नाही. हवा कमी पडली तर टायर दबत, वाकत, तापत जाईल. जास्त झाली तर घर खड्ड्याखड्ड्यात उडेल. मधला आकडा तुम्हालाच निवडायचा आहे.

उंद्रीच्या जानरावांना यात अवघड असं काही वाटलंच नव्हतं. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात, टायरच्या कामात गेली. लोखंडी रॉडचा एक ठोका टायरवर मारायचा आणि आवाजावरून हवा सांगायची. ड्रायव्हर त्यांना डॉक्टर म्हणत. निवृत्त झाल्यावरही गावात कोणाला ट्रॉली लांब न्यायची असली की ती आधी त्यांच्या दारात येऊन उभी राही. जानराव हातातला चहा खाली न ठेवता ठोका मारत आणि मान हलवत. तेवढ्यावर माणसं निघत.

हे चाकांवरचं घर बनवून घेतलं होतं त्यांच्या मुलानं, प्रसेनजितनं. कल्पना सुनेची, रेणुकाची. आणि सगळा खटाटोप जनकाबाईंसाठी.

शेवटच्या बाळंतपणात जनकाबाईंचे फार हाल झाले होते. तेव्हापासून त्यांना लघवी धरून ठेवता येत नसे. वय वाढलं तसा त्रास वाढला. घरात आणि शेतात निभून जाई, गाडीत निभत नसे. एकदा धामणगाव बढ्याला थोरल्या बहिणीकडे, गोजरबाईंकडे निघालेल्या असताना एसटीतच त्यांचं लुगडं ओलं झालं. त्या मोताळ्याला उतरल्या आणि उलट्या गाडीनं परत आल्या. रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "कोणाले सांगू नका."

जानरावांनी खरंच कोणाला सांगितलं नाही. पुढे लग्नाला, कोणाच्या मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाला ते एकटेच जात आणि बायकोचे गुडघे धरले असं सांगत. गोजरबाई प्रत्येक वेळी गुडघ्यांना लावायचं तेल पाठवत. जनकाबाई ते तेल मुकाट्यानं फळीवर ठेवून देत. रेणुकानं मात्र कोणी न सांगता ओळखलं. तिनं सासूला काही विचारलं नाही. रस्त्यात बायांची सोय नसते, आपलीच सोय बरोबर न्यावी, एवढंच म्हणाली आणि नवऱ्याच्या मागे लागली.

ठरलं असं की पहिला मुक्काम गोजरबाईंकडे करायचा आणि दुसऱ्या दिवशी अजिंठ्याची लेणी बघायची. जनकाबाईंनी ती अजून पाहिली नव्हती.

आदल्या संध्याकाळी जानरावांनी अंगणात रिकाम्या उभ्या घराच्या चाकांना ठोके मारले. थोडी हवा भरली, थोडी सोडली, पुन्हा ठोका मारला. रेणुकानं मीटर लावून पाहिलं तर आकडा चाळीस निघाला. तिनं विचारलं, "मामाजी, टाकी भरून एकदा काट्यावर वजन केलं असतं तं?"

"वजन?" जानराव हसले. "मी काय कापूस विकायले चाललो काय वं? डबा हलका हाय. हवा जास्त झाली तर उडीन, तुझ्या सासूच्या कपबशा फुटतीन."

प्रसेनजित हसला, म्हणून रेणुकाही हसली आणि तिनं मीटर ठेवून दिलं.

सकाळी जनकाबाईंनी मोटर लावून टाकी काठोकाठ भरली. एवढ्यावर न थांबता पाण्याच्या दोन कॅनही संडासात नेऊन ठेवल्या. वाटेत कोणाकडे पाणी मागायची वेळ येऊ नये, मागितलं की कोणीतरी कशाला म्हणून विचारतंच. जीपमध्ये बसताना त्या ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसल्या होत्या. चिखलीपर्यंत एकदा आणि बुलढाण्याआधी एकदा गाडी थांबली. त्या शांतपणे उतरल्या, मागच्या घरात गेल्या आणि येऊन बसल्या. दुसऱ्या वेळी तर बाटली उघडून त्या पोटभर पाणी प्यायल्या. गाडीत बसून बायकोला पाणी पिताना जानरावांनी किती वर्षांनी पाहिलं कोण जाणे.

राजूरचा घाट उतरून गाडी मोताळ्याच्या अलीकडे आली आणि मागच्या घराचं डावं टायर फुटलं. आवाज एवढा झाला की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. प्रसेनजितनं गाडी सावरून कडेला घेतली. कोणाला काही लागलं नव्हतं. घर एका बाजूला कलंडून उभं होतं. जनकाबाई घाबरल्या होत्या, आणि घाबरल्यामुळे त्यांना थांबणं शक्य नव्हतं. गर्दी जमायच्या आधीच त्या तशाच कललेल्या घरात शिरल्या आणि त्यांनी आतून कडी लावली.

टपरीवर भगवंतराव होते, जानरावांच्याच आगारातले जुने ड्रायव्हर. त्यांनी फाटलेलं टायर पायानं हलवून पाहिलं.

"काहो डॉक्टर, ठोका मारला नोयता काय घरून निंघताना? का आता कानानं कमी आयकू येते?"

माणसं हसली. एक जण म्हणाला, आता आमच्या ट्रॉल्या दुसऱ्याला दाखवाव्या लागतील. जानरावांचे कान तापले. टायरचा ठिकऱ्या झालेला रबर त्यांच्या पायाशी होता, सगळे त्यांच्याकडे बघत होते आणि काहीतरी बोलणं भाग होतं.

"हवा बरोबर होती," ते मोठ्यानं म्हणाले. "आमच्या बाईले लघवीचा त्रास हाय, दर घडीले लागते तिले. म्हणून हौदभर पाणी भरून ठेवलं तिनं. टायर तरी काय करीन?"

आता माणसं आणखीच हसली. भगवंतराव मात्र हसले नाहीत. ते कलंडलेल्या घराच्या दाराकडे बघत होते. पत्र्यापलीकडे तांब्या ठेवल्याचा आवाज झाला. हातभर अंतर, मध्ये एक पत्रा. प्रसेनजित खाली वाकून जॅक लावत राहिला, त्यानं वर पाहिलंच नाही.

जनकाबाई बाहेर आल्या तेव्हा पदर नीट होता, तोंड धुतलेलं होतं. त्यांनी विचारलं, "झालं काय?" हे टायरविषयी होतं की आणखी कशाविषयी, ते जानरावांना कळलं नाही. ते नुसते "हो" म्हणाले.

जादा चाक लावून सगळे धामणगावला पोचले. गोजरबाईंनी बहिणीला मिठी मारली, आधी गुडघ्यांची चौकशी केली आणि मग चहा टाकला. जनकाबाईंनी चहा घेतला नाही. पाणीही नको म्हणाल्या. जेवताना प्रसेनजितनं सगळ्यांना समजावून सांगितलं, की वजनाच्या मानानं हवा कमी होती म्हणून टायर तापलं आणि फुटलं. जानराव ताटाकडे बघत ऐकत होते. दुसऱ्या दिवशी जनकाबाई म्हणाल्या, थकवा आला, लेणी पुढच्या वेळी पाहू. सगळे उंद्रीला परतले. परतीच्या सगळ्या वाटेत गाडी एकदाही थांबवावी लागली नाही, कारण जनकाबाईंनी आदल्या दिवसापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. घरी आल्यावर त्यांचं डोकं दोन दिवस दुखत होतं.

जानरावांनी मग स्वतःहून एक काम केलं. टाकी भरली, दोन्ही कॅन भरल्या, शेगडी, भांडी, गाद्या, सगळं आत ठेवलं आणि प्रसेनजितला गाडी जोडायला लावून घर कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावर नेलं. एकेक चाक चढवून वजन केलं. डावं चाक उजव्यापेक्षा बरंच जड निघालं. त्यातही गंमत अशी की टाकीतलं पाणी वापरलं तरी ते संडासाखालच्या बंद टाकीतच साठायचं, म्हणजे वाटेत वजन कमी होणारच नव्हतं.

काट्यापाशी उभं राहून त्यांना आगारातली बस आठवली. तीही रिकामीच उभी असायची, तिच्यातही ते ती रिकामी असतानाच हवा भरायचे. पण भिंतीवरच्या फलकावर जो आकडा होता तो भरल्या बसचा होता. माणसं, बोचकी, टपावरचं सामान, सगळं धरून कोणीतरी तो आधीच काढून ठेवलेला. जानरावांनी जन्मभर तो आकडा पाळला. निवडला कधीच नव्हता. पहिल्यांदा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या बायकोचं पाणी हिशेबातच धरलं नाही, आणि चुकल्यावर दोष मात्र त्या पाण्यालाच दिला. तोही परक्या माणसांसमोर.

रेणुकानं मोबाईलवर टायरच्या कंपनीचा तक्ता काढला. जड चाक धरून, वर थोडा जादा भार धरून आकडा आला पंचावन्न. दोन्ही चाकांत तेवढीच भरायची, टायर थंड असताना. या वेळी रॉड भिंतीलाच टेकलेला राहिला. जानरावांनी पांढरा रंग आणला आणि दोन्ही मडगार्डवर लिहिलं, टाकी भरून ५५.

लेण्यांना जायचा दिवस पुन्हा ठरला. सकाळी जानराव मोटर लावायला गेले तेव्हा जनकाबाई मागून म्हणाल्या, "राहू द्या रिकामी. टायरले जड होते."

आवाजात राग नव्हता. प्रसेनजितनं जेवताना सांगितलेलं लक्षात ठेवून त्या म्हणाल्या असतील. किंवा तसं नसेलही.

जानरावांनी मोटर लावली. टाकी वाहू लागेपर्यंत ते तिथेच उभे राहिले. मग मीटरनं दोन्ही चाकं पाहिली, बाटली भरली आणि जीपमध्ये बसलेल्या बायकोच्या हातात दिली. तिनं ती घेतली, मांडीवर ठेवली. गाडी निघाली. चिखली मागे पडली तरी बाटलीचं झाकण लागलेलंच होतं.

जानराव अधूनमधून त्या बाटलीकडे बघत होते. तिनं ऐकलं असेल तर माफी मागायला हवी होती. ऐकलं नसेल तर माफी मागणं म्हणजे तेच पुन्हा तिच्या तोंडावर बोलणं. मडगार्डवर लिहिता येईल असा याचा आकडा कोणत्याच तक्त्यात नव्हता. त्यांना एवढंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेवढंच विचारता येत नव्हतं. त्या दिवशी पत्र्यापलीकडे तिला ऐकू गेलं होतं का?