सुगुणाच्या माहेरचा पत्ता

चारमिनार आजवर उभा आहे तो केवळ आमच्या वन्संनी त्याला अजून "बसा" म्हटलेलं नाही म्हणून, असं माझं ठाम मत आहे. माझ्या या थोरल्या नणंदेसमोर दोन मिनिटांहून जास्त उभं राहिलेलं माणूस मी पाहिलं नाही. त्या सरकारी बाळंतपणाच्या इस्पितळात डॉक्टर होत्या. पोटातल्या बाळात काही व्यंग आहे का ते सोनोग्राफीत बघायचं, आणि पुढे ते बाळ प्रत्यक्षात कसं निघालं याची नोंद ठेवून दोन्ही ताडून बघायचं, असं त्यांचं संशोधन चाले. त्यातला पहिला नियम असा, की वाईट बातमी उभ्या बाईला सांगायची नाही. तिला खुर्चीवर बसवायचं, आपण तिच्यापुढे बुटक्या स्टुलावर बसायचं, चहा मागवायचा, आणि तिने चहात बिस्किट बुडवून खाल्लं की मगच विषय काढायचा. "पैले बैठो अम्मा, चाय पियो, बाद में बात," हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की घरी गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्यालाही तेच ऐकावं लागे. तो बिचारा खांद्यावरच्या सिलिंडरसकट बसायला जागा शोधायचा.

मी लग्न होऊन पुण्याहून या चारमिनारच्या शहरात, बरकतपुऱ्याच्या घरात आले ती नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. देशाची दारं उघडली म्हणून वर्तमानपत्रं रकानेच्या रकाने भरत होती. वन्संच्या मते ती उघडली होती एकाच कारणासाठी, त्यांचं नवं परदेशी मशीन आत यावं म्हणून. गल्लीत केबल आली तेव्हा आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो, आणि या आपल्या त्या मशीनच्या पडद्यासमोर. ते पुसायचं फडकं घरी आणून त्या स्वतः धूत, आणि ते इतर कपड्यांत मिसळलं तर दिवसभर अबोला धरीत. बायकांच्या बरोबर आलेली मंडळी हटकून विचारायची, "लडका है क्या लडकी?" वन्सं म्हणायच्या, "बच्चा है." कुणी फारच खनपटीला बसलं तर पडदा भिंतीकडे फिरवून सांगत, "सर है, पीठ है, दिल चलरा. और क्या होना?" नारायणगुड्याच्या शाळेत मी मराठी शिकवत होते आणि माझं अक्षर बरं होतं, एवढ्या भांडवलावर त्यांनी मला रजिस्टर लिहायला जुंपलं. मला नाव होतं, पण त्यांच्या तोंडी मी कायम 'पुणेकरीण'च राहिले.

त्यांचं काम मशीनपाशी संपत नसे, ही आमच्या घराची खरी अडचण होती. एका बाईचं बाळ जगणार नाही हे सोनोग्राफीत दिसलं होतं. वन्सं तिला म्हणाल्या होत्या, "सब ठीक होता, ऐसा झूट नै बोलती मैं. पर उस दिन मैं रैती." तो दिवस नेमका माझ्या दिराच्या लग्नाचा निघाला. पंगतीत श्रीखंड वाढायला सुरुवात झाली होती, इस्पितळातून निरोप आला, आणि करवलीच्या मानाने बसलेल्या वन्सं पानावरून उठल्या. नव्या व्याह्यांनी तोंडं वाकडी केली. सासूबाईंनी ते पुढे कित्येक वर्षं ऐकून घेतलं. संध्याकाळी वन्सं परत आल्या, हात धुतले आणि म्हणाल्या, "तिनं बाळाला मांडीवर घेतलं गं. नाव ठेवलं. मग दिलं." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

आणि मग सुगुणा. गौलीगुड्यातली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण. तिच्या पोटातल्या बाळाची दोन्ही मूत्रपिंडं सुजलेली दिसली होती, मूत्राशय तुडुंब भरलेलं. लघवीच्या वाटेत पडदा असावा, जन्मल्याबरोबर तो काढला तर बाळ वाचेल, उशीर झाला तर मूत्रपिंडं जातील, असं वन्संनी तिला स्टुलावर बसून तीनदा समजावलं. "पैदा होते ही लाना," यावर सुगुणाने मान डोलावली होती. तारीख उलटली तरी ती आली नाही. वन्संनी एक पोस्टकार्ड टाकलं, वाट बघून दुसरं टाकलं. उत्तर नाही. विभागातले मोठे डॉक्टर म्हणाले, "सापडली नाही असं लिहा आणि शोधनिबंध धाडून द्या. एका केसनं काय होतं?" वन्सं म्हणाल्या, "ती हरवलेली नाही सर. कुठंतरी जेवू लागली असेल, झोपू लागली असेल. कुठं, ते आपल्याला माहीत नाही, एवढंच."

त्या संध्याकाळी घरी येऊन त्यांनी तिचा फॉर्म माझ्यापुढे टाकला. मी वाचला. नवऱ्याचं नाव, नवऱ्याचा धंदा, नवऱ्याच्या घरचा पत्ता. मी विचारलं, "वन्सं, माहेरचा पत्ता कुठाय?"

"माहेरचा कायको?"

"पहिलं बाळंतपण ना? ती इथं कशाला असेल?"

वन्संनी फॉर्म ओढून घेऊन पुन्हा वाचला. हा फॉर्म त्यांनी एका परदेशी फॉर्मवरून बेतला होता. तिकडे बाई जिथं राहते तिथंच बाळंत होते. वन्संनी लग्न केलं नव्हतं, जन्मल्या त्याच घरात राहत होत्या, त्यामुळे सातव्या महिन्यात पोरी पत्ता बदलतात ही गोष्ट शेकडो बाळंतपणं करूनही त्यांच्या ध्यानात आली नव्हती. इतकी हुशार बाई, पण इथं साफ चुकली. त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, "पुणेकरीण, उद्या शाळेला सुट्टी टाक."

गौलीगुड्यात सुगुणाच्या सासूने आम्हाला उंबऱ्यावरच अडवलं. मुलगा लॉरी घेऊन मुंबईकडे गेलेला. दोन्ही पोस्टकार्डं तिने कोनाड्यात ठेवून दिली होती. "पेट के बच्चे को बीमारी है बोले तुम. ऐसा कोई बोलता क्या? बहू आठ दिन रोई," ती म्हणाली. बाळ झालंय, चांगलं आहे, एकविसाव्या दिवशी पाळण्यात घातल्याशिवाय घराबाहेर काढायचं नाही, आणि गावाचं नाव तर मुळीच सांगायचं नाही, असं तिचं म्हणणं. वन्संनी वाद घातला नाही. त्या पायरीवर बसल्या आणि मलाही बसवलं. एप्रिलचं ऊन चढत होतं. तासाभराने सासू ताक घेऊन आली, दारात आलेल्या माणसाला तहानलेलं ठेवणं त्या घराला शोभणारं नव्हतं. वन्सं म्हणाल्या, "गाँव बोलो, पीती मैं." तिने पाणी आणलं. तेही नको. शेजारच्या बायका गोळा झाल्या आणि डॉक्टरम्मा उन्हात पाण्यावाचून बसल्यात म्हणून सासूलाच बोल लावू लागल्या. मला ग्लास दिसत होता आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली होती, पण वन्संच्या शेजारी बसून प्यायची हिंमत होईना. दोन तासांनी सासू आमच्यासमोर उकिडवी बसली.

"बच्चा मरता क्या?" तिने हळूच विचारलं.

"पैले दिन आते तो नै मरता बोलती मैं," वन्सं म्हणाल्या. "अब मालूम नै. इसलिए पूछरी."

सासू आत गेली. कडक शब्दांत आमची बोळवण करील असं मला वाटलं, तर ती पिशवीत लुगडं कोंबून, दाराला कुलूप लावून बाहेर आली. वन्सं ताकाचे दोन ग्लास एका दमात प्यायल्या आणि आम्ही तिघी वरंगळच्या वाटेवरच्या एका खेड्याच्या बसमध्ये चढलो.

बाळ तेरा दिवसांचं होतं. सगळे म्हणत होते की शू होते, थेंब थेंब होते, लहानच आहे अजून. वन्संनी त्याच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा उतरला. पर्समधल्या बारीक नळीने त्यांनी मूत्राशय मोकळं केलं, आणि गावातली एकुलती एक जीप मिळवून आम्ही अंधार पडायच्या आत शहरात आलो.

पुढे मुलांच्या सर्जनने ऑपरेशन केलं. काही दिवसांनी नळी काढली आणि ते सांगून गेले, की आता बाळाने आपणहून जोरात धार सोडली म्हणजे काम फत्ते. सुगुणा, तिची सासू, मी आणि वन्सं अशा चौघी त्या उघड्या बाळाकडे टक लावून बसलो. वन्सं तर चष्मा सावरून त्याच्यावर ओणव्याच झाल्या होत्या. बाळाने पाय झाडले आणि जी धार उडवली ती थेट वन्संच्या कपाळावर, चष्म्यावर. त्या हलल्या नाहीत. धार संपेपर्यंत तशाच ओणव्या राहून तोंडाने सेकंद मोजत होत्या. सुगुणाला मी त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं, आणि सासूने पदराच्या टोकाने वन्संचं तोंड पुसलं.

एक मूत्रपिंड मात्र गेलंच होतं. दुसरं वाचलं, आणि तेवढ्यावर पोरगा वाढला. पण त्या दिवशी घरी येताना रिक्षात वन्संनी मला विचारलं, "पुणेकरीण, फॉर्ममध्ये माहेर असतं, तर गेलेलं पण वाचलं असतं का गं?" मला उत्तर ठाऊक होतं, पोस्टकार्डांची वाट बघण्यातच आठवडा गेला होता. मी म्हटलं, "नाही वन्सं, ते आधीच गेलेलं असणार." मी खोटं बोलत होते आणि ते त्यांना कळत होतं. त्यांचा हात सीटवर माझ्या हाताशेजारीच होता. तो धरावा असं फार वाटलं, पण थोरल्या नणंदेचा हात असा कसा धरायचा म्हणून मी आपला हात मांडीवर ओढून घेतला. वन्संना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मी त्यांच्या तेव्हाच्या वयाची झाले आहे, आणि तो हात मी का धरला नाही, हे अजून मला नीट सांगता येत नाही.