आरपार वारा आणि रादोयका सिस्टर

रादोयका सिस्टर आमच्या नसांच्या वॉर्डात एकतीस वर्षं आहे, मी तिच्या हाताखाली सतरा. मोरावा नदीकाठच्या आमच्या इस्पितळात तोंड वाकडं होऊन आलेला प्रत्येक पेशंट एकच कारण सांगतो: आरपार वारा लागला. समोरासमोर दोन खिडक्या उघड्या राहिल्या की सर्बियात माणूस संपलाच! सिस्टर घसा फोडून सांगते, "वाऱ्याचं सोडा. पापणी मिटत नाहीये, डोळा सुकतोय. तासातासाला थेंब, झोपताना मलम, वर चिकटपट्टी." लोक मान डोलावतात आणि उठून खिडकी लावतात.

सगळ्यात जास्त हसायचे ते आमचे मोठे डॉक्टर तिहोमिर. "सिस्टर, नस आपोआप सुधारते. तुमच्या पट्ट्या म्हणजे ताईत नुसते."

गेल्या मार्चमध्ये डॉक्टरांचाच उजवा गाल लोंबला आणि सगळी विद्या कुठल्या कुठे पळाली. स्वतःच्याच वॉर्डात दाखल झाले. शेजारी ठाण मांडून बसल्या ब्याऐंशीच्या मातोश्री, स्तामेनियाबाई. खिडक्या बंद, डोक्याला लोकरी शाल, गालावर राकियात भिजवलेलं फडकं. दारूची वाफ थेट त्या न मिटणाऱ्या डोळ्यात! तिसऱ्या दिवशी डोळा लालबुंद.

"पट्टी लावू द्या, डॉक्टर. बुबुळाला जखम झाली तर नजर जाईल."

"समुद्री चाचा दिसेन मी! पेशंट काय म्हणतील?"

सिस्टर बाहेर येऊन भिंतीला टेकली. "डोळा जाणार गं या मूर्खाचा," म्हणाली. मग आत जाऊन म्हातारीशेजारी बसली.

"आजी, आरपार वाऱ्याला दोन तोंडं लागतात ना?"

"लागतात तर!"

"एक हे दार. आणि दुसरं? रात्रंदिवस सताड उघडं काय आहे, बघा."

म्हातारीने लेकाच्या डोळ्याकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली. "अगं बाई! आण ती पट्टी! तिहोमिर, गप पड!"

"आणि आजी, दारूकडे वारा खेचला जातो."

फडकं क्षणात कचऱ्यात गेलं.

"आई, शास्त्रात असं काही..."

"घाल चुलीत तुझं शास्त्र!"

डोळा वाचला. मे महिन्यात चेहराही सरळ झाला. आता डॉक्टर राउंडला प्रत्येकाला पट्टी लावायला सांगतात, कारण विचारलं की खोकतात. म्हातारीने तर बाजारभर केलंय: वारा कळणारी इस्पितळात एकच, रादोयका!

मी थट्टेने म्हटलं, "काय सिस्टर, वाऱ्याच्या तज्ज्ञ झालात!"

ती हसली नाही. "एकतीस वर्षं खरं सांगितलं. तीन डोळे गेले माझ्यादेखत. एकदा खोटं बोलले, तर सगळं गाव ऐकतंय."

तेवढ्यात वाकड्या तोंडाचे एक आजोबा दारात आले, कानावर टोपी ओढलेली. मला वाटलं, आता बाई पुन्हा खरं सांगायला लागेल. तिने पट्टीचं रीळ उचललं.

"या आजोबा. वारा लागला ना? डोळ्यातूनच शिरलाय तो."